नवी दुर्बीण आणि जुना बांध



यंदाच्या वैशाखात आमच्या मंडळातल्या एका गावी एक पिवळी पेटी आली. तिची वाट गावाने किती पाहिली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेतकरी गटातल्या एकोणीस घरांनी पदरचे पैसे घालून जमीन मोजायची दुर्बीण मागवली होती. साहेबलोक तिला ऑटो लेव्हल म्हणतात. गावात मात्र जे डोळा लावून बघायचे ते सारे दुर्बीणच.

पैसे भरले फाल्गुनात. मग रोज तीच चौकशी. ‘साहेब, निघाली का?’ ‘निघाली म्हणतात.’ ‘मग पोचली का न्हाई?’ एस.टी. आली की दोन पोरे स्टँडवर जाऊन पार्सल बघून यायची. पाडवा गेला, रामनवमी गेली, गावची जत्राही झाली. मला स्वतःला रात्री झोपताना त्या पेटीची आठवण यायची. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पोरासारखे एखाद्या वस्तूकडे डोळे लावून बसावे हे सांगायला बरे दिसत नाही, पण खरे ते सांगतो. ही ओढ का होती ते कळण्यासाठी मला तुम्हाला माझी एक जुनी चूक सांगावी लागेल.

गोष्ट १९९६ ची. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. बी. एस्सी. ॲग्रीची पदवी ताजी, अंगात उत्साह दांडगा. सोलापूरकडच्या कोरडवाहू पट्ट्यात एका मावशींचे सात एकर रान होते. मालक वारलेले, पदरात दोन लेकरे. जमीन मध्यम, खाली मुरूम, उतार एका अंगाला. दर पावसाळ्यात वरची माती ओढ्याला जायची. त्या रानात समपातळी बांध घालायचे ठरले आणि आखणीचे काम माझ्याकडे आले.

यंत्र कार्यालयातले, जुनी डम्पी लेव्हल. महिनाभर आधी ते फटफटीवरून पडले होते. पेटीला पोचा होता, काच फुटली नव्हती. मी म्हटले, काच शाबूत म्हणजे यंत्र शाबूत. तिपाई लावली, पाणसळीतला बुडबुडा मधे आणला, डोळा लावला आणि खुंट्या मारत गेलो. दोनशे मीटर लांबीचा बांध, दोन टप्प्यांत आखला. प्रत्येक टप्प्याला मी मागच्या खुंटीजवळ उभा राहायचो आणि पुढे शंभर मीटरवर बघायचो. चालणे वाचत होते ना!

बांध सुरेख झाला. मावशींनी त्यावर हळदकुंकू वाहिले. सप्टेंबरात उत्तरेचा जोरदार पाऊस झाला. बांधाच्या एका टोकाला घोट्याएवढेही पाणी नव्हते आणि दुसऱ्या टोकाला सगळ्या रानाचे पाणी गोळा झाले. पहाटे तिथून बांध फुटला. वरची काळीशार माती गेली, कोवळी ज्वारी गेली आणि खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत गाळ भरला.

मी सकाळी गेलो तेव्हा मावशी फुटलेल्या तोंडाशी बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘साहेब, तुमच्या दुर्बिणीनं बघितलं ते खरं, का माज्या पाण्यानं बघितलं ते खरं?’

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. पुढे एका अनुभवी सर्वेअरने ते यंत्र दोन खुंट्यांवर तपासले, तेव्हा उत्तर मिळाले. त्या यंत्राची नजरच खाली झुकलेली होती. शंभर मीटरवर वीस सेंटीमीटरचा फरक. दोन टप्प्यांत तो चाळीस सेंटीमीटर झाला. म्हणजे बांधाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सव्वा फुटाहून अधिक खाली आणि बांधाची उंची सारी दोन फूट! पाण्याने तेच केले जे पाणी नेहमी करते. ते खाली गेले.

आता पेटीकडे येऊ. शेवटी ती आली त्या दिवशी मारुतीच्या पारावर पन्नास माणसे जमली. गटाच्या बायका पुढे बसल्या होत्या, कारण एकोणीस घरांपैकी सात घरांचे पैसे बायकांच्या बचतीतून आले होते. पेटी उघडली. आत कोऱ्या वस्तूचा वास, मऊ खाचेत बसवलेले यंत्र, एक ओळंबा, पांढरा ब्रश आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. ती पुडी कोणी खाऊ समजून पोराला देऊ नये म्हणून आधी ताब्यात घेतली.

तिपाई रोवली, यंत्र चढवले आणि पहिल्यांदा मी डोळा लावला. समोर साठ मीटरवर गटातला एक पोरगा मापाची पट्टी धरून उभा होता. मी दचकलोच. पोरगा सरळ उभा! तुम्ही म्हणाल, मग काय उलटा उभा राहणार? तर हो. जुन्या डम्पीत सगळे उलटे दिसायचे, डोके खाली आणि पाय वर. इतकी वर्षे मी माणसे, झाडे, आकडे सारे उलटे वाचत आलो. नव्या यंत्रात जग सरळ दिसते. आकडे तर असे स्वच्छ की पट्टीवर बसलेला मुंगळासुद्धा ओळखू यावा. दुसरी गंमत अशी की डम्पीत लांबट बुडबुडा फार जपून मधे ठेवावा लागे. इथे गोल पाणसळीतला बुडबुडा वर्तुळात आणला की पुरे. आत बारीक तारांवर एक लोलक टांगलेला असतो. यंत्र जरासे तिरपे असले तरी तो ओळंब्यासारखा झुलून नजर आपोआप आडवी करतो. अशी लोलकाची लेव्हल जर्मनीतल्या झाइस कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणली. डम्पी त्याहून जुनी, १८३२ ची, इंग्लंडातल्या ग्रॅव्हाट नावाच्या इंजिनिअरची.

पारावर आमचे निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांनी डोळा लावला आणि हसले. म्हणाले, ‘साहेब, ही तर आमच्या रायफलीवरच्या दुर्बिणीची थोरली बहीण. तीच फुली, तीच काच.’ खरेच आहे ते. पुढे एक भिंग, मागे डोळ्याशी एक भिंग आणि मधे फुली, ही बांधणी दोघींची सारखीच. या फुलीची गोष्टही मजेची आहे. गॅस्कॉइन नावाच्या एका इंग्रज तरुणाच्या दुर्बिणीत १६४० च्या आसपास कोळ्याने धागा विणला. तो धागा भिंगातून लख्ख दिसला आणि त्यावरून त्याला नेम धरायच्या रेघेची कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे कितीतरी वर्षे मोजणीच्या यंत्रांत खरोखरीचा कोळ्याचा धागा लावत असत. आता काचेवरच रेघा कोरतात.

सुभेदार पुढे जे बोलले ते मात्र गटातल्या प्रत्येकाने लिहून ठेवावे. ‘नवी दुर्बीण रायफलीवर चढवली म्हणून गोळी नेमकी जात नाही. आधी मैदानावर पाच गोळ्या झाडायच्या, कुठं लागतात बघायचं, मग स्क्रू फिरवून नजर आणि नळी एका रेषेत आणायची. त्याला आम्ही झिरो करणं म्हणतो. झिरो न केलेल्या हत्यारावर भरवसा ठेवणारा शिपाई मी बघितला नाही.’

मंडळी उतावीळ झाली होती. मृग तोंडावर, जेसीबी ठरवलेला, लगेच रानात चला म्हणाले. मीही उतावीळ होतो. पण मला मावशींचा प्रश्न ऐकू येत होता. म्हटले, आधी झिरो.

आता ती परीक्षा नीट ऐका. कुणाच्याही लेव्हलवर ती तुम्ही करू शकता, खर्च काही नाही.

साठ मीटर अंतरावर दोन खुंट्या पक्क्या ठोका. एक अ, दुसरी ब. यंत्र बरोबर मधे, तीस मीटरवर ठेवा. दोन्ही खुंट्यांवर पट्टी उभी करून वाचा. आमचे अ वर १.२४० मीटर आले आणि ब वर १.५८५. फरक ०.३४५. यंत्राची नजर वाकडी असली तरी हा फरक खराच असतो, कारण अंतर दोन्हीकडे सारखे असल्याने चूकही दोन्हीकडे सारखी पडते आणि वजाबाकीत निघून जाते. हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग यंत्र उचलून अ च्या अगदी जवळ आणा. जवळच्या अंतरात चूक पडायला वाव नसतो. तिथे अ चे वाचन १.३१० आले. त्यात ०.३४५ मिळवा. ब वर १.६५५ दिसायला हवे. दिसले १.६४३. बारा मिलिमीटर कमी.

पारावर एकदम शांतता. कोरे करकरीत यंत्र, पेटीत तपासणीचा छापील कागद आणि तरी नजर चुकलेली! एक काकू म्हणाल्या, ‘म्हंजे आमचं पैसं बुडालं का काय?’ मी म्हटले, नाही काकू. बुडाले असते, आज न तपासता गेलो असतो तर. साठ मीटरला बारा मिलिमीटर म्हणजे शंभर मीटरला दोन सेंटीमीटर. माझ्या १९९६ च्या यंत्राच्या मानाने ही चूक दहावा हिस्सा. लांबच्या प्रवासात पेटीला दणके बसतात, असे होते. ज्यांच्याकडून घेतले त्यांना त्याच संध्याकाळी कळवले. आठ दिवसांनी त्यांचा कारागीर आला आणि आमच्याच दोन खुंट्यांवर फुली बसवून गेला. पुन्हा तपासले, फरक एका मिलिमीटरवर आला. एक सांगतो, फुलीचा स्क्रू आपण स्वतः पिळू नये. ते जाणत्याचे काम.

पण आठ दिवस थांबायला जेसीबी तयार नव्हता. मग काम अडले का? नाही. वर सांगितलेले तत्त्व वापरले. यंत्र टोकाला उभे करण्याऐवजी प्रत्येक टप्प्याच्या मधोमध ठेवले, डावीकडे पन्नास मीटर, उजवीकडे पन्नास मीटर. पुढच्या टप्प्याला जातानाही मागची शेवटची खुंटी आणि पुढची शेवटची खुंटी यांची अंतरे सारखी ठेवली. दोन्ही टोके एका पातळीत येतात, नजर थोडी वाकडी असली तरी. तरुणपणी मी चालणे वाचवले होते, ते चालणे आता पन्नाशीत चाललो.

ही अंतरे टेपने मोजायचीही गरज नसते. फुलीच्या वर आणि खाली एकेक आखूड रेघ असते. वरच्या रेघेचे वाचन वजा खालच्या रेघेचे वाचन, गुणिले शंभर, म्हणजे पट्टीपर्यंतचे अंतर. वर १.३९०, खाली १.०९०, फरक ०.३०, अंतर तीस मीटर. गटातल्या दहावी झालेल्या मुलीने हा हिशेब पहिल्या तासातच आमच्यापेक्षा जलद केला. आता वही तिच्याकडेच असते.

पहिल्या दिवशी ज्या चुका झाल्या त्याही सांगतो, म्हणजे तुमच्याकडे होणार नाहीत.

डोळा वरखाली हलवला की फुली पट्टीवर सरकल्यासारखी दिसते, अशी एकाची तक्रार. त्याने आधी लांबचे स्पष्ट केले होते आणि फुली धूसरच राहिली होती. क्रम उलटा हवा. आधी भिंगापुढे कोरा कागद धरून डोळ्याकडची कडी फिरवा, फुली काळीभोर दिसू द्या. मगच पट्टी स्पष्ट करा. प्रत्येकाचा डोळा वेगळा, म्हणून माणूस बदलला की हे पुन्हा करायचे. चष्मेवाल्यांनी संकोच करू नये.

दुपारी बाराला आकडे नाचायला लागले. यंत्र बिघडले म्हणून ओरड झाली. बिघडले नव्हते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्यामुळे आकडे हलतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि उन्हे कलल्यावर काम करावे. नजर जमिनीला घासून जाऊ देऊ नये आणि पन्नास-साठ मीटरच्या पलीकडे हाव धरू नये.

पट्टी धरणारा पोरगा गप्पांत रमला आणि पट्टी कलली. कललेली पट्टी नेहमी जास्त आकडा दाखवते. शंका आली तर त्याला पट्टी हळूच पुढेमागे झुलवायला सांगा. सर्वांत कमी दिसेल तो आकडा खरा.

आणखी दोन ताकिदी. यंत्र तिपाईसकट खांद्यावर टाकून बांधावरून चालू नका, पेटीत घालून न्या. आणि यातून सूर्याकडे कधी बघू नका, पोरांना बघू देऊ नका. डोळा कायमचा जाईल. यंत्र पावसात भिजले तर पुसून रात्रभर पेटीबाहेर वाळू द्या. ओले पेटीत कोंडले तर भिंगाला बुरशी धरते.

तुम्ही म्हणाल, साहेब, आमच्या गटाला दुर्बीण परवडणार नाही. नसू द्या. थोडी दोरी आणि तीन बांबूंत तुमचे काम भागते. सात-सात फुटांचे दोन बांबू वर बांधा, खाली पाय फाकवा, मधे आडवा बांबू बांधा. वरून दोरीला दगड टांगा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या बांबूला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधे तिसरी खूण, ती पातळीची. चौकट एकेक पाय फिरवत पुढे न्यायची आणि दोरी मधल्या खुणेवर आली की खुंटी मारायची. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांना बांधली तरी पातळी मिळते. फक्त नळीत हवेचा फुगा राहू देऊ नका, फुगा राहिला की नळी खोटे बोलते. बघा, साध्या चौकटीलासुद्धा उलटसुलट करूनच खरे करावे लागते. दुबार तपासल्याशिवाय कोणतेच माप खरे धरू नये.

हेही ध्यानात असू द्या की समपातळी बांध सगळ्या जमिनींना चालत नाही. हलक्या ते मध्यम, पाणी मुरणाऱ्या जमिनीला तो चांगला. भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, तुंबते, पीक पिवळे पडते आणि बांध भेगाळून फुटतो. तिथे किंचित ढाळ देऊन पाणी हळूहळू बाजूला काढणारे बांध घालावेत. बांध कोणताही असो, सांडवा हवाच. जास्तीच्या पाण्याला वाट ठेवली नाही तर ते आपली वाट स्वतः करते.

आपल्याकडे बांधबंदिस्तीचा कायदा १९४२ चा. १९७२ च्या दुष्काळात तर हजारो हातांनी बांध आणि ताली घातल्या. त्यांतल्या काही आजही पाणी अडवतात, काही पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेल्या. माती तीच, माणसांचे कष्टही तेच. फरक पुष्कळदा आखणीत असतो, हे आता मी हात जोडून सांगू शकतो.

आता शेवटचे. नव्या दुर्बिणीने पहिला बांध कुणाच्या रानात आखला? त्याच मावशींच्या. बदल्या होत होत मी पुन्हा त्याच भागात आलो आहे. मावशी आता ऐंशीला टेकल्या आहेत, रान थोरला मुलगा बघतो. मी सांगायला गेलो तेव्हा वाटले होते, या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘आक्षी नको म्हनायला मी काय येडी हाय? माती तर अजून जातीच की. पर साहेब, या खेपंला पाण्याला इचारून आखा.’

मग पाण्याला विचारून आखले. दुर्बिणीने खुंट्या मारल्या आणि त्याच खुंट्या संध्याकाळी पाण्याच्या नळीने तपासल्या. दोन्हींत कुठेही बोटभराहून अधिक फरक पडला नाही. मावशी काठी टेकत अख्ख्या बांधावरून चालल्या, नळीतले पाणी दोन्ही काठ्यांवर सारखे उभे आहे हे स्वतः वाकून पाहिले आणि मग दुर्बिणीलाही डोळा लावला. बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, ‘लई लांबचं दिसतंय. पावसापातूर दिसंल काय?’

बांध पुरा झाला आहे, सांडव्याला दगड लावले आहेत, बांधावर गवताचे ठोंब लावायचे राहिले आहेत. हे लिहितो आहे तेव्हा आभाळ भरून येते आणि जाते, मोठा पाऊस अजून झालेला नाही. खरी तपासणी तोच करील. पाणी दोन्ही टोकांना सारखे उभे राहिले तर पास, नाहीतर नापास. निकाल याच पानावर कळवीन, दोन्हींपैकी काहीही लागला तरी.

तोवर तुमच्याही शिवारात कुणी आखणीला आले, तर चहापाणी करा, मान द्या आणि मग हळूच विचारा, ‘साहेब, दोन खुंट्यांवर तपासलंय ना?’ यात कुणी रागावण्यासारखे काही नाही. मला हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता, तर एका माउलीची माती वाचली असती.

राम राम.